ब्रिटनमधल्या घराच्या हीटिंगला किती ऊर्जा लागते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये घर घेतलेल्या किंवा घेण्याच्या बेतात असलेल्या मराठी कुटुंबांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे आहेत. हिशोब गॅस बॉयलर आणि रेडिएटर असलेल्या घराचा आहे, कारण बहुतेकांकडे तेच असते. अंदाज दोन बाजूंनी काढता येतो: घराच्या भिंती-खिडक्या मोजून आणि मीटरच्या नोंदींवरून. दोन्ही काढा. दोन्हींत फरक आला आणि वर्षभराच्या नोंदी हाताशी असतील, तर मीटरवर विश्वास ठेवा.

ही ऊर्जा कशात मोजायची?

किलोवॅट-तासात. महावितरणच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. ब्रिटनमध्ये गॅसचे बिलही किलोवॅट-तासातच येते, मीटर मात्र घनमीटर मोजतो.

इथे दोन गल्लती नेहमी होतात. पहिली, किलोवॅट आणि किलोवॅट-तास एकच समजणे. किलोवॅट हा क्षणाचा दर आहे. २४ किलोवॅटचा बॉयलर पूर्ण ताकदीने तासभर चालला तर २४ किलोवॅट-तास उष्णता देईल, पण तो तसा तासभर जवळजवळ कधीच चालत नाही. दुसरी गल्लत म्हणजे बिलावरचा गॅस आणि खोलीत पोचलेली उष्णता यांना एकच धरणे. कंडेन्सिंग बॉयलरवर ९० टक्क्यांच्या वरची कार्यक्षमता छापलेली असते, प्रत्यक्षात ८५ टक्के धरणे सुरक्षित. बॉयलरकडे परतणारे पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच धुरातली वाफ निवळून तिची उष्णता परत मिळते, आणि अनेक घरांत बॉयलरचे पाणी ७०-८० अंशांवर लावून ठेवलेले असते.

घनमीटरचे किलोवॅट-तास कसे करायचे?

घनमीटर × १.०२२६४ × उष्मांक मूल्य ÷ ३.६. यातला १.०२२६४ हा आकडा गॅसच्या तापमान आणि दाबासाठीची दुरुस्ती आहे. उष्मांक मूल्य बिलावर छापलेले असते, ते ३७.५ ते ४३ मेगाज्यूल प्रति घनमीटर यांच्या दरम्यान असते, बहुधा ३९-४० च्या आसपास. आठवड्यात ४२ घनमीटर गॅस जळला आणि मूल्य ३९.५ असेल, तर ४७१ किलोवॅट-तास. झटपट हिशोबाला घनमीटरला ११.२ ने गुणले तरी चालते.

मीटर जुना असेल तर तो घनफूट मोजतो आणि त्याचे एक युनिट म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. मीटरच्या तबकडीवर काय छापले आहे ते स्वतः वाचा. पुरवठादाराच्या नोंदीत मीटरचा प्रकार चुकीचा पडला असेल तर बिल २.८३ पट जास्त किंवा तितकेच कमी येते. शेजाऱ्याच्या सारख्याच घराशी तुलना करून तिपटीच्या जवळपास फरक दिसला, तर आधी हे तपासा. खिडक्या बदलण्याचा विचार नंतर.

डिग्री-डे म्हणजे काय?

थंडीचे मोजमाप. बाहेरचे तापमान ठरावीक पायापेक्षा किती अंश खाली होते आणि किती दिवस, याचा गुणाकार. ब्रिटनमध्ये हा पाया १५.५ अंश सेल्सिअस धरण्याची जुनी पद्धत आहे (म्हणजे ६० अंश फॅरनहाइट). दिवसाचे सरासरी तापमान ६ अंश असेल तर त्या दिवसाचे ९.५ डिग्री-डे. एका आठवड्याची सरासरी तापमाने ६, ५, ८, १०, ७, ४, ९ अशी असतील तर ९.५ + १०.५ + ७.५ + ५.५ + ८.५ + ११.५ + ६.५ = ५९.५. सरासरी १५.५ च्या वर गेली की शून्य धरायचे, वजाबाकी करायची नाही.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ही साधी रीत कमी पडते. दुपारी २० आणि पहाटे १२ अंश असलेल्या दिवसाची सरासरी १६ निघते, म्हणजे शून्य डिग्री-डे. पण पहाटे थर्मोस्टॅटने बॉयलर पेटवलेला असतो. अशा दिवसासाठी ब्रिटिश हवामान खात्याचे सूत्र पाया आणि किमान तापमान यांतल्या फरकाचा चतुर्थांश धरते, इथे ३.५ चा पाव भाग, सुमारे ०.९. हाताने हे करत बसायची गरज नाही. डिग्रीडेज डॉट नेट या संकेतस्थळावर जवळच्या हवामान केंद्राचे आठवड्याचे आकडे मोफत मिळतात. केंद्र शक्यतो तुमच्याच उंचीवरचे निवडा. डोंगरावरच्या गावाला समुद्रकाठच्या विमानतळाचा आकडा लावला की थंडी कमी मोजली जाते.

वर्षाचे डिग्री-डे इंग्लंडच्या आग्नेय भागात साधारण २,००० च्या आत-बाहेर असतात, स्कॉटलंडमध्ये बरेच जास्त. खालची उदाहरणे २,००० धरून आहेत.

घरात २० अंश हवे असतात, मग पाया १५.५ का?

कारण घराला ऊब देणारा बॉयलर एकटाच नसतो. माणसे, फ्रिज, शेगडी, दिवे आणि खिडकीतून येणारे ऊन घराला उष्णता देतच असतात. शिवाय चोवीस तासांची आणि सगळ्या खोल्यांची सरासरी काढली तर ती बैठकीतल्या थर्मोस्टॅटच्या आकड्यापेक्षा खाली, बऱ्याच घरांत १८ च्या आसपास असते.

समजा घरातून दर अंश फरकामागे ३०८ वॅट उष्णता बाहेर जाते आणि फुकटची उष्णता सरासरी ७७० वॅट आहे. ७७० ÷ ३०८ = २.५. म्हणजे बाहेर १८ वजा २.५, म्हणजेच १५.५ अंश असेपर्यंत हीटिंगची गरजच पडत नाही. तेच घर चांगले इन्सुलेट करून गळती १५० वॅटवर आणली तर ७७० ÷ १५० = ५.१, आणि पाया १३ च्या जवळ येतो. त्यामुळे १५.५ हा आकडा सगळ्या घरांना लागू करू नये. नव्या, घट्ट घराला तो लावला की अंदाज हमखास फुगतो.

मीटरच्या नोंदी नाहीत, घर अजून घ्यायचे आहे. अंदाज कसा काढायचा?

टेप घेऊन घर मोजा. घराच्या प्रत्येक बाहेरच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले त्याची यू-व्हॅल्यू, म्हणजे एका चौरस मीटरमधून एका अंशाच्या फरकाला जाणारे वॅट. नेहमी लागणारे आकडे साधारण असे: नऊ इंची भरीव विटेची भिंत १.७ ते २.१, मधे पोकळी असलेली, न भरलेली भिंत १.५, तीच भरलेली ०.५ ते ०.७, एकेरी काच ५ च्या आसपास, जुनी दुहेरी काच २.८, नवी १.४, लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, काहीच नसेल तर २.३, १०० मिमी इन्सुलेशनची लोकर असेल तर ०.४, २७० मिमी असेल तर ०.१६.

१९३० च्या दशकातले तीन बेडरूमचे सेमी-डिटॅच्ड घर घेऊ. मजला ६ × ७.५ मीटर, दोन मजले, छत २.४ मीटरवर, आतले आकारमान २१६ घनमीटर. एक बाजू शेजाऱ्याला लागून, म्हणून उघडी भिंत १९.५ मीटर लांब आणि ५ मीटर उंच, ९७.५ चौ. मी. त्यातून खिडक्या १६ आणि दारे ४ वजा केली की भिंत उरते ७७.५.

भिंत ७७.५ × १.५ = ११६
खिडक्या १६ × २.८ = ४५
दारे ४ × ३ = १२
छप्पर ४५ × ०.४ = १८
तळमजल्याची जमीन ४५ × ०.७ = ३१.५
कोपरे, लिंटेल, खिडक्यांच्या चौकटीभोवतालचे सांधे: १८७.५ चौ. मी. × ०.१५ = २८
हवेची ये-जा: ०.३३ × ०.८ × २१६ = ५७

बेरीज सुमारे ३०८ वॅट प्रति अंश. शेवटच्या ओळीतला ०.३३ म्हणजे एक घनमीटर हवा एक अंश तापवायला लागणारे वॅट-तास, आणि ०.८ म्हणजे तासाभरात घरातली किती हवा बदलते ते. जुन्या झिरपणाऱ्या घरात १ किंवा जास्त, नव्यात ०.५ च्या आसपास. चुकायला सर्वांत सोपा आकडा हा ०.८ च. वापरात नसलेली उघडी चिमणी एकटीच तासाला ४० ते ८० घनमीटर हवा ओढते असे धरतात, म्हणजे १३ ते २६ वॅट प्रति अंश. ती तात्पुरती बंद करायला फुगवायची पिशवी मिळते.

आता वर्षाचा हिशोब: ३०८ × २४ × २,००० ÷ १,००० = १४,७८४ किलोवॅट-तास उष्णता. गॅसमध्ये, ८५ टक्क्यांनी भागून, सुमारे १७,४००. गरम पाणी आणि स्वयंपाक यात धरलेला नाही.

मीटरच्या नोंदी आहेत. त्यांतून काय काढता येते?

बरेच काही, आणि कुठलीही भिंत न मोजता. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी मीटर वाचा. स्मार्ट मीटर असेल तर अर्ध्या तासाच्या नोंदी आपोआप साठतात. बिलावरचे ‘अंदाजे’ रीडिंग या कामाला निरुपयोगी; तो पुरवठादाराचा तर्क असतो, आणि त्या तर्कातून काढलेला निष्कर्ष तुमच्या घराचा नसतो.

स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात आठवड्याचे डिग्री-डे, दुसऱ्यात त्याच आठवड्याचे किलोवॅट-तास. स्लोप आणि इंटरसेप्ट ही दोन सूत्रे चालवा; आठवड्यांच्या बिंदूंमधून जाणाऱ्या सरळ रेषेचे आकडे ती देतात. स्लोप सांगतो एका डिग्री-डेमागे किती गॅस जळतो. इंटरसेप्ट सांगतो थंडी नसतानाही लागणारा गॅस, म्हणजे आंघोळ, भांडी, शेगडी. किमान वीसेक आठवडे हवेत आणि त्यांत कडक थंडीचेही हवेत, सौम्यही.

वरच्याच घरात स्लोप ७ आणि इंटरसेप्ट आठवड्याला ५० निघाला असे धरू. वर्षाचे हीटिंग ७ × २,००० = १४,००० किलोवॅट-तास, बाकीचा गॅस ५० × ५२ = २,६००. घराची प्रत्यक्ष गळती ७ × ०.८५ × १,००० ÷ २४ = २४८ वॅट प्रति अंश.

तीन गोष्टी सांभाळा. डिसेंबरात तीन-चार आठवडे भारतात गेला असाल तर ते आठवडे वगळा. रिकाम्या घराचा बॉयलर फक्त पाइप गोठू नयेत इतका चालतो आणि नेमके सर्वांत थंड बिंदू रेषेला खाली ओढतात. दुसरे, इंटरसेप्टची तुलना जुलै-ऑगस्टच्या खऱ्या वापराशी करा. तो उन्हाळ्याच्या वापरापेक्षा बराच कमी किंवा चक्क उणे आला, तर तुम्ही पाया गरजेपेक्षा वर धरला आहे; बराच जास्त आला तर खाली. पाया अर्ध्या-अर्ध्या अंशाने हलवून पाहा. तिसरे, हिवाळ्यात नळाचे पाणीच थंड असते, म्हणून आंघोळीचा गॅसही हिवाळ्यात थोडा वाढतो आणि तेवढा भाग गुपचूप स्लोपमध्ये जमा होतो.

इतके आठवडे थांबायला वेळ नाही. एखाद्या दिवसावरून चालेल?

ढोबळ चालेल. ढगाळ, वारा नसलेला, सतत थंड असा दिवस निवडा; उन्हाचा दिवस नको. बाहेर सरासरी २ आणि आत सरासरी १८ अंश, त्या दिवशीचा गॅस ११० किलोवॅट-तास. त्यातून गरम पाण्याचे ७ वजा, १०३. गुणिले ०.८५, म्हणजे ८७.५ उष्णता; २४ तासांनी भागले की ३.६५ किलोवॅट. माणसे आणि उपकरणे यांचे अर्धा किलोवॅट मिळवा. ४.१५ किलोवॅट ÷ १६ अंश = २५९ वॅट प्रति अंश. आतल्या सरासरीसाठी दोन-तीन खोल्यांत स्वस्तातले थर्मामीटर ठेवा, थर्मोस्टॅटवरचा आकडा सरासरी म्हणून घेऊ नका.

मोजून ३०८ आले, मीटरवरून २४८. खरे कोणते?

मीटरचे. मोजणीतले आकडे त्या काळच्या सरासरी बांधकामाचे असतात, तुमच्या भिंतीचे नव्हे. भरीव विटेच्या भिंती प्रत्यक्षात पुस्तकी आकड्यापेक्षा कमी गळतात असे मोजमापांत वारंवार दिसले, म्हणून घराच्या ऊर्जा प्रमाणपत्राच्या नियमांतही अशा भिंतीचा आकडा २.१ वरून १.७ वर आणला गेला. शिवाय मधल्या बेडरूमचा रेडिएटर बंद असतो, मुले परगावी शिकायला गेलेली असतात. २० टक्क्यांचा फरक नेहमीचा आहे. मीटरचा आकडा मोजणीपेक्षा जास्त आला तर मात्र शोध घ्या: उघडी चिमणी, लॉफ्टच्या झाकणाची फट, जमिनीखालचे उघडे पाइप, भिंतीतली लोकर खाली बसलेली. ओळीतल्या घरांत आणखी एक कारण असते. शेजाऱ्याबरोबरची भिंत पोकळ असेल तर त्या पोकळीतून ऊब वर लॉफ्टकडे निघून जाते, आणि साध्या मोजणीत ती भिंत शून्य धरलेली असते.

घराच्या ऊर्जा प्रमाणपत्रावरचा आकडा घेतला तर?

तुलनेसाठी घ्या, बजेटसाठी नको. प्रमाणपत्र दहा वर्षे चालते, त्यामुळे मधल्या काळात बदललेला बॉयलर त्यात नसू शकतो. त्यात घर एका ठरावीक पद्धतीने वापरले जाते असे मानलेले असते: बैठक २१ अंशांवर, सकाळी दोन आणि संध्याकाळी सात तास हीटिंग (जुन्या नियमांनी केलेल्या प्रमाणपत्रांत शनिवार-रविवारी सोळा तास). घरून काम करणाऱ्याचे किंवा आई-बाबा सहा महिने राहायला आलेल्या घराचे वेळापत्रक असे नसते. खालच्या श्रेणीच्या जुन्या घरांत हा आकडा प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त असतो, कारण तिथले लोक इतकी ऊब परवडत नाही म्हणून घेतच नाहीत. भिंत भरलेली आहे की नाही याचा पुरावा नसेल तर तपासनीस बांधकामाच्या काळावरून अंदाज टाकतो. म्हणून इन्सुलेशनची पावती आणि हमीपत्र जपून ठेवा.

केवढा बॉयलर लागतो?

हीटिंगसाठी फार लहान. लंडनच्या हिशोबाला बाहेरचे उणे २ आणि आतले २० धरले तर २२ × ३०८ = ६.८ किलोवॅट, मीटरच्या २४८ ने साडेपाच. तरी घरात २४ ते ३० किलोवॅटचा कॉम्बी बॉयलर असतो, कारण शॉवरला पाणी तत्क्षणी गरम करायचे असते. या मोठ्या बॉयलरची हीटिंगची ताकद सेटिंगमधून खाली आणता येते आणि पाण्याचे तापमान ५५-६० वर ठेवता येते. यामुळे घर तापायला वेळ लागतो, गॅस वाचतो. गरम पाण्याची टाकी असलेल्या घरात मात्र टाकीतले पाणी ६० अंशांपर्यंत जायलाच हवे, नाहीतर लिजिओनेला जिवाणूंचा धोका.

थर्मोस्टॅट एक अंश खाली केला तर किती वाचते?

हीटिंगच्या गॅसपैकी साधारण दहावा भाग. हीटिंगचा हंगाम सुमारे २२० दिवसांचा धरला तर एक अंश म्हणजे २२० डिग्री-डे, २,००० पैकी ११ टक्के. जास्त थंड गावात टक्केवारी थोडी घटते, कारण भागाकाराचा आकडा मोठा असतो. घरात तान्हे बाळ किंवा वयस्कर माणसे असतील तर १८ च्या खाली नेऊन बचत शोधू नये.

रेडिएटरवर कपडे वाळवल्याने गॅस जास्त जातो का?

हो. एक लिटर पाणी वाफ व्हायला सुमारे ०.६८ किलोवॅट-तास उष्णता खाते. एका धुण्यात पिळल्यानंतरही दोन-तीन लिटर पाणी उरते, म्हणजे दीड-दोन किलोवॅट-तास. ती वाफ नंतर थंड भिंतीवर निवळते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. त्यावर उपाय म्हणून दिवसभर खिडकी किलकिली ठेवली तर हवेची ये-जा ०.८ वरून सहज १.२ वर जाते, आणि ३०८ मध्ये आणखी २८ वॅट वाढतात. एका खोलीचे दार लावून, तिथेच खिडकी उघडून किंवा डीह्युमिडिफायर लावून वाळवणे बरे. कुकर-फोडणीची वाफही एक्झॉस्ट पंख्याने लगेच बाहेर काढा.

कोणत्या इन्सुलेशनने किती फरक पडेल?

वरच्याच यादीत आकडा बदलून पाहा. भिंतीची पोकळी भरली: १.५ चे ०.६, ७७.५ × ०.९ = ७० वॅट प्रति अंश, वर्षाला ३,३६० उष्णता, गॅस सुमारे ३,९५०. लॉफ्टची लोकर १०० वरून २७० मिमी केली: ४५ × ०.२४ = १०.८ वॅट, गॅस सुमारे ६१०. आणि लॉफ्ट अगदी उघडाच असेल तर पहिल्या १०० मिमीने ८५ वॅट वाचतात. पहिला थर सोन्याचा, दुसरा चांदीचाही नाही.

प्रत्यक्ष बचत कागदापेक्षा कमी येते, कारण ऊब टिकू लागली की लोक बंद खोल्याही तापवू लागतात. केलेल्या कामाचा खरा परिणाम पाहायचा तर गेल्या वर्षीचे बिल आणि यंदाचे बिल ताडून उपयोग नाही. हिवाळाच सौम्य असू शकतो. कामाआधीचा आणि नंतरचा स्लोप ताडा. पावसाच्या माऱ्यात उभी असलेली, सांधे निघालेली भिंत मात्र भरण्याआधी दुरुस्त करा, नाहीतर ओल आत चढते.

हीट पंप घेतला तर किती वीज लागेल?

हीट पंप म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारे यंत्र. गॅसचे आकडे आधी उष्णतेत बदला. (१४,००० + २,६००) × ०.८५ = १४,११० किलोवॅट-तास. हंगामी कार्यक्षमता ३ असेल, म्हणजे एका युनिट विजेमागे हंगामात सरासरी तीन युनिट उष्णता मिळत असेल, तर ४,७०० युनिट वीज. थेट १६,६०० ला ३ ने भागणाऱ्याचा अंदाज ८०० हून अधिक युनिटांनी चुकतो. विजेचा दर गॅसच्या किती पट आहे ते स्वतःच्या बिलावर पाहा; तो पट कार्यक्षमतेला ०.८५ ने भागून येणाऱ्या आकड्यापेक्षा, इथे ३.५ पेक्षा, जास्त असेल तर खर्च वाढेल. कार्यक्षमता ठरते पाण्याच्या तापमानावर, म्हणून कंत्राटदाराला ‘किती किलोवॅटचा पंप’ याआधी ‘कडक थंडीत रेडिएटरचे पाणी किती अंशांवर’ हे विचारा. ४५ म्हणाला तर प्रत्येक खोलीच्या रेडिएटरचा हिशोब लेखी मागा.

हाच हिशोब पुण्यातल्या घराला लावता येईल का?

सूत्र तेच, पण उत्तर जवळजवळ शून्य येते. जानेवारीतही पुण्याची दिवसाची सरासरी बहुधा १५.५ च्या वर असते, आणि दिवसा तापलेल्या जाड भिंती पहाटेपर्यंत ऊब देतात. तिथे यू-व्हॅल्यूचा उपयोग उलट्या दिशेने, एसीसाठी आणि वरच्या मजल्याच्या तापणाऱ्या स्लॅबसाठी करावा. तो हिशोब करताना उन्हाची उष्णता वेगळी मोजावी लागते, फक्त तापमानाच्या फरकावर भागत नाही.